एकच फडकं

उरी वळूच्या पुठ्ठ्यावर खडूची तिसरी निळी रेघ पडली तेव्हा मार्लीसच्या हातातला चहा तसाच गार होत होता. पहिली रेघ बेनोची. ती पडणार हे तिला महिनाभर माहीत होतं, भाऊ काय लपूनछपून वागणारा नव्हता. दुसरी बेनोच्या बायकोची, हुइयाची. या वळूने मागच्या आठवड्यात वासरांच्या वाड्याचं फाटक कपाळाने ढकलून उखडलं होतं आणि तिने ते ध्यानात ठेवलं होतं. तिसरी आईची, पॉलीनची. बाबांच्या तीन बरगड्या एका वळूने मोडल्या त्या वर्षापासून निवडीच्या दिवशी जो वळू समोर येईल त्याच्यावर ती रेघ ओढून मोकळी होते. त्यात राग नसतो, लोभ नसतो. दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसावेत तशी ओढते.

पण फेल्बरांच्या घरात तीन रेघा म्हणजे कत्तलखान्याचा ट्रक. आणि ट्रक दुपारी यायचा होता.

"आई, निदान त्याच्याकडे बघून तरी ओढायचीस," मार्लीस म्हणाली.

"बघितलं की. वळूच आहे."

"एन्झीचा मुलगा आहे तो. अकराव्या वेताचा."

"असेल. तुझे बाबाही चांगल्या घरचे होते, म्हणून काय मी त्यांना फाटक मोडू दिलं असतं?" पॉलीनने खडू एप्रनला पुसला आणि स्कोन-पावांची टोपली घेऊन ती बाबांच्या गाडीकडे गेली.

निवडीचा दिवस आलोइस आजोबांनी घालून दिलेला. मे महिन्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, हंगामातलं शेवटचं दूध काढून झालं, गायी आटवायला सोडायच्या झाल्या, की घरातल्या प्रत्येकाने निळा खडू घेऊन कळपातून फिरायचं. जिची कळपातली वेळ संपली असं वाटेल तिच्या पुठ्ठ्यावर रेघ. तीन माणसांच्या तीन रेघा झाल्या की पुढे बोलणं नाही. फक्त एक पळवाट होती. घरात जन्मलेल्या किंवा लग्न करून आलेल्या प्रत्येकाला आजोबा एक फडकं द्यायचे, हातभर पांढऱ्या कापडाचं. आयुष्यात एकदा, एकाच जनावरावरच्या रेघा पुसायच्या. मग ते फडकं त्याच दिवशी चुलीत घालायचं.

बाबांचं फडकं कधीच जळून गेलं होतं. आईने नवी नवरी असताना आपलं फडकं एका काण्या गायीवर खर्च केलं, आणि त्या गायीने पुढल्याच वर्षी आईच्या लाडक्या सासूबाईंना तळ्यात ढकललं. हुइयाचंही गेलं. मार्लीसने तर नऊ वर्षांची असताना पिप नावाच्या लंगड्या कालवडीसाठी ते वापरलं होतं. पिप पुढचा हिवाळासुद्धा पाहू शकली नाही. बेनो अजून त्यावरून चिडवतो.

आता घरात एकच फडकं उरलं होतं. बेनोचं. बेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याने ते जपून ठेवलं होतं, आणि आज सकाळी ते त्याच्या रेनकोटच्या खिशातून डोकावत होतं. मार्लीसने ते पाहिलं. ते कुणासाठी आहे हे सांगायची गरज नव्हती.

क्वीनीसाठी.

क्वीनी उंच, काळीपांढरी, तालुक्यातली सगळ्यात दुधाळ गाय. बेनोची शिट्टी ऐकली की इतर गायींना खांद्याने बाजूला सारून पुढे येणारी. तीन वेतं झाली होती तिची. आता ती मागच्या डाव्या पायावर भार देत नव्हती, आणि सोनोग्राफीवाली येऊन गेली तेव्हा कळलं की गाभणही नाही.

एकटी क्वीनीच नव्हे. कळपात या वर्षी एकतीस गायी रिकाम्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या बेनोच्या उंच काळ्या गायी. परदेशातल्या नामांकित वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या आणून दहा वर्षं त्याने हा कळप उभा केला होता. दूध धो धो वाढलं. पण सगळं अंगातलं बळ कासेत उतरायचं. ऑगस्टात, इथल्या वसंतात, व्यायल्या की ऑक्टोबरपर्यंत नुसत्या हाडांवर कातडं, माजावर यायचं नाव नाही. इथे गाय गवतावर जगते, गवत आलं की व्यायली पाहिजे. उशीर झाला तर ती कळपात पाहुणी.

आणि एकतीस रिकाम्यांत एक नाव असं होतं की जे सोनोग्राफीवालीने दोनदा तपासलं. एन्झी. तेरा वर्षांची, अकरा वेतांची, एकदाही न लंगडलेली, कासेला एकदाही सूज न आलेली एन्झी. अकरा वर्षं दर ऑगस्टात तिने वासरू दिलं. या वर्षी नाही.

मार्लीस मागच्या ऑगस्टात शहरातली, कुठल्या वळूच्या मुली किती दूध देतील याची आकडेमोड करायची नोकरी सोडून परत आली, ती एन्झीच्या भरवशावर. बाबा थकले होते. पुढल्या हंगामापासून कळपाला कुठले वळू लावायचे हे कुणी ठरवायचं, ते आज निवड झाल्यावर सांगतो असं त्यांनी जाहीर केलं होतं. एन्झीच्या मुली सगळ्या बेनोच्या कांड्यांपासूनच्या, दुसऱ्या-तिसऱ्या वेताला मोडलेल्या. जुन्या रक्ताचं म्हणावं असं आता दोनच जीव होते, म्हातारी आणि तिचा मुलगा उरी. मुलाचा निकाल तर लागलाच होता.

"बेनो," ती भावाला शेडच्या मागे गाठून म्हणाली, "एक मागू?"

"नाही."

"ऐकून तरी घे."

"तू फडकं मागणार. माझं फडकं. ज्या वळूच्या केसांची जनुक-चाचणी करून आकडे आलेत, दुधात मधोमध, त्याच्यासाठी." तो पाण्याच्या नळीने बूट धूत होता. "तूच नोकरीत असताना असल्या आकड्यांच्या वळूंना नाक मुरडायचीस."

"मुरडायचे. आणि त्यात चूक होती, ती कळायला दहा वर्षं लागली. दूध आईबापाकडून पोरीत सरळ उतरतं, पहिल्या वेताला बादलीत दिसतं. टिकणं तसं उतरत नाही. थोडंथोडं, हळूहळू उतरतं, आणि दिसतं तेव्हा गाय म्हातारी झालेली असते. शितावरून भाताची परीक्षा होते रे, पण तो भात किती दिवस टिकेल ते शीत सांगत नाही."

"म्हणून आलोइस आजोबांचा आठव्या वेताचा नियम. पाठ आहे मला. आठवं वेत झालेल्या गायीचाच खोंड ठेवायचा." त्याने नळी बंद केली. "मार्लीस, आजोबांच्या गायींनी शेजारची जमीन विकत घेतली नाही. माझ्या काळ्यांनी घेतली. हे शेड कुणाच्या दुधावर उभं आहे?"

"मी नाही म्हणत नाहीये."

"म्हणतेस. रोज म्हणतेस, फक्त तोंडाने नाही." आणि मग जरा खालच्या आवाजात, "दुभत्या गायीच्या लाथा गोड लागतात म्हणे. मला तर गेली तीन वर्षं नुसत्या लाथाच मिळतायत. पण क्वीनीला मी हाताने बाटली पाजून वाढवलंय. तिला मी नाही पाठवणार."

तो गेला. मार्लीसला त्याचा राग यायला हवा होता. पण आली ती भीतीच. समजा तो बरोबर असेल तर? समजा उरीच्या मुलीही मधोमधच्या निघाल्या, आणि टिकल्याही नाहीत, तर? आठ वर्षांनी कळेल. आठ वर्षं सगळं घर तिच्या एका शब्दावर गवत कापत बसेल.

डोंगरावर रात्रीत बर्फ पडलं होतं आणि समुद्राकडून वारा सुटला होता. गायी कुंपणाला पाठ करून उभ्या होत्या. चौघं खडू घेऊन फिरायला लागले, बाबा गाडीतून.

रिकाम्या गायींचं काम भराभर झालं. रिकामी गाय दुसऱ्या वर्षाला ठेवायची नाही, हा आजोबांचा पहिला नियम, आठव्या वेताच्याही आधीचा. अशा गायीवर आजवर तीनच काय, घरातल्या सगळ्यांच्या रेघा पडत आल्या होत्या. हुइया सगळ्यात पुढे होती. तिचा खडू थांबत नव्हता, पण एका बारीक काळ्या गायीपाशी मात्र ती थांबली.

"ही आठवते?" ती मार्लीसला म्हणाली. "पावसात जन्मली. तीन रात्री मी हिला स्वयंपाकघरात ठेवली होती. दोन वर्षं वाढवली, दोन वेतं दिली, आणि आता चालली. फायदा सुरू होतो तिसऱ्या वेताला, हे बेनोनेच मला शिकवलं. मी वाढवते आणि ट्रक नेतो. आमच्या आजी म्हणायच्या, पोहणं शिकवायच्या आधीच होडी विकायची नसते."

"मग उरीवर रेघ का ओढलीस?"

"फाटक मोडलं म्हणून." हुइयाने तोंड वळवलं. "आणि नवऱ्याची बाजू घ्यायची राहिली होती बरेच दिवस. घेतली. आज पुन्हा नाही घेणार."

ती ठरल्यासारखी तडक क्वीनीकडे गेली आणि तिच्या उंच पुठ्ठ्यावर एक जाड रेघ ओढली. बेनो समोरच उभा होता. मान खाली गेली त्याची. बाबा गाडीतून उतरले, काठी टेकत आले, त्यांनीही दुसरी रेघ ओढली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तो बाजूला सरकला.

"एन्झी कुठाय?" बेनोने विचारलं.

एन्झी सगळ्यांच्या मागे, फाटकाजवळ शांतपणे रवंथ करत उभी होती. लहानखुरी, मातकट रंगाची, पाठ सरळ. तिला असल्या गर्दीची अकरा वर्षांची सवय. तिच्या अंगावर एकदाही खडू लागला नव्हता.

बेनोने जाऊन रेघ ओढली. हुइयाने मार्लीसकडे पाहिलं, "माफ कर," म्हणाली, आणि दुसरी ओढली.

"बस झालं," पॉलीन म्हणाली. "दोनच राहू द्यात. म्हातारी आहे, चार वर्षं पडून खाईल. आणि क्वीनीवर तिसरी पडली तरी बेनो पुसेल. झालं ना? दोघांचं एकेक जनावर राहिलं, चला जेवायला."

"असं नसतं आई," बेनो म्हणाला. "माझी क्वीनी राहील ती माझ्या फडक्यावर. नियमाने मिळालेल्या. ही कशावर राहणार? लाडावर?" तो बाबांकडे वळला. "तुम्ही ओढा. तुम्ही माझ्या गायीवर ओढलीत."

बाबांचं नाव, व्हेर्नर फेल्बर, म्हणजेच नियम, असं रस्त्यावरची सगळी घरं म्हणायची. एका वर्षी त्यांनी स्वतःच्या वाढदिवसाला भेट मिळालेल्या गायीवर रेघ ओढली होती. ते एन्झीच्या मागे गेले, खडू वर केला, आणि हात तसाच राहिला. वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं असं त्यांनी नंतर सांगितलं. सगळ्यांनी मानलं.

"हिच्या आजीचं बाळंतपण मी माझ्या हाताने केलं," ते म्हणाले. "माझ्याने होणार नाही. दुसरं कुणीतरी करा." आणि खडू खिशात टाकला.

पॉलीन तर ओढणारच नव्हती. उरली मार्लीस.

हेच तर हवं होतं तिला. दोन रेघा, आईबाबा तिच्या बाजूला, आणि तिने नुसतं गप्प उभं राहायचं. एन्झी राहिली असती. पुढल्या वर्षी गाभण राहिली असती कदाचित. एक खोंड, एक कालवड, काहीतरी. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. बेनोसुद्धा. त्याच्या नजरेत टोमणा नव्हता, त्याचाच जास्त त्रास होत होता. टोमणा त्याने मनातल्या मनात कधीच मारून घेतला होता. बहीण शेवटी पिपसाठी फडकं खर्चणारी तीच राहणार, हे त्याने धरून ठेवलं होतं.

एन्झीने मान वळवून तिच्या बाहीचा वास घेतला.

एन्झी एन्झी का झाली? तिच्या आईवर, आजीवर, पणजीवर दर मे महिन्यात कुणी दया केली नाही म्हणून. ज्या गाभण राहिल्या नाहीत त्या गेल्या, ज्या लंगडल्या त्या गेल्या, आणि उरल्या त्यांच्या पोटी ही आली. खाण तशी माती म्हणतात, पण ही खाण अशी दरवर्षी चाळून चाळून इतकी स्वच्छ झाली होती. आज इथे हात राखला तर उद्या तिने बेनोच्या तीस गायींना कुठल्या तोंडाने जायला सांगायचं? आणि आठ वर्षांनी उरीच्या नावावर कुणी विश्वास ठेवायचा? म्हणजे उरी असता तर.

तिला रडू आलं ते तिने लपवलं नाही. खडू सकाळपासून मुठीत धरून घामाने ओला झाला होता. तिने एन्झीच्या पुठ्ठ्यावर तिसरी रेघ ओढली. ती वाकडी गेली म्हणून पुन्हा त्यावरूनच नीट ओढली.

पॉलीनने तोंडावर हात धरला.

मग मार्लीस क्वीनीकडे गेली आणि तिच्यावरही तिसरी ओढली. "आता पूस," ती भावाला म्हणाली. "तुझा हक्क आहे. माझं काही म्हणणं नाही."

रस्त्यावर ट्रक वळल्याचा आवाज आला. बेनोने खिशातून फडकं काढलं. पाण्याच्या टाकीत बुडवून पिळलं. क्वीनीने त्याला पाहिलं आणि तीन पायांवर उड्या मारत, तो दुखरा पाय जपत, ती त्याच्याकडे आली. त्याने तिच्या कपाळावर कपाळ टेकलं. हुइया पुढे सरकली, मग थांबली.

"किती दुखतं गं तुला," तो म्हणाला. एवढंच मार्लीसला ऐकू आलं.

मग तो सरळ झाला आणि क्वीनीला सोडून चालायला लागला. ट्रकच्या चढणीकडे, वळूच्या कठड्याकडे. बाबांची काठी हातातून पडली तरी त्यांना कळलं नाही.

उरीने नाक फुरफुरलं, कठड्याला एक धक्का दिला. बेनोने कठड्यावरून हात घालून त्याच्या पुठ्ठ्यावरच्या तिन्ही रेघा खालपासून वरपर्यंत पुसल्या. फडकं निळं झालं. रंग त्याच्या मनगटापर्यंत उतरला.

"तीन बरगड्या," पॉलीन पुटपुटली, पण हसत होती की रडत होती ते तिलाच माहीत.

"बेनो," मार्लीस म्हणाली.

"रडू नकोस, शहाणे. बाबा, आता विचारायची गरज नाही ना? वळू हीच ठरवेल. एन्झीवर खडू उचलू शकते ती कुणावरही उचलेल." त्याने फडकं घडी करून खिशात घातलं. "आणि माझ्या काळ्यांना एन्झीचं पोर लाव. दूध माझ्याकडून घे, पाय तिच्याकडून. अर्ध्या माझ्या अर्ध्या तुझ्या होतील, मग भांडायला तरी मजा येईल."

ड्रायव्हरने फळी टाकली. एन्झी नेहमीप्रमाणे पहिली चढली. गर्दीतून कुठे कसं जायचं हे ती कळपाला अकरा वर्षं दाखवत आली होती, आणि तिच्यामागोमाग क्वीनी लंगडत, पण न बावरता, आत गेली. मार्लीस फाटक धरून नुसतीच उभी राहिली, कडी तशीच लोंबत होती. बेनोने ती लावली.

ट्रक निघून गेला. मागे चिखल आणि दुधाचा आंबट वास राहिला.

"घरात चल," बेनो म्हणाला. "फडकं जाळायचंय."

"भीती वाटते रे मला."

"वाटायलाच हवी." त्याने निळ्या हाताने तिला पुढे ढकललं. "आता ना तुझ्याकडे फडकं आहे, ना माझ्याकडे."